कुठेही राहायची मुभा मिळाली तर? माझं उत्तर आंजर्लं. तुमचं काय?

पोफळी

येत्या मार्चअखेर मी निवृत्त होतेय. परवा जेवताना मुलगी सहज म्हणाली, "आई, पैशाचा, माझा, कुणाचाच विचार करायचा नाही असं ठरवलं, तर तू कुठे राहशील?" घास हातातच होता आणि मी म्हणाले, "आंजर्ल्याला." इतकं चटकन उत्तर आलं की माझं मलाच नवल वाटलं.

आंजर्ले म्हणजे दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या उत्तरेचं, कड्यावरच्या गणपतीचं गाव. मी पहिल्यांदा गेले १९९१ साली, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, तरीतून पलीकडे गेलो. ज्यांच्याकडे उतरलो त्यांच्या आगरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सकाळी शिपणं चालू होतं. पाटातून पाणी पोफळींच्या आळ्यांत शिरत होतं, एक आळं भरलं की आजोबा पायानेच माती सारून बांध घालायचे आणि पाणी पुढच्या झाडाकडे वळायचं. मी तासभर पायरीवर बसून तेवढंच बघत होते. वरून एक वाळलेली विरी, पोफळीच्या झावळीचं रुंद बूड, सुटून खाली पडली, तो आवाज अजून कानात आहे. कोथरूडच्या चौथ्या मजल्यावर एकतीस वर्षं काढली, पण तिथला एकही आवाज मला असा आठवत नाही.

नवरा जाऊन सहा वर्षं झाली. मुलीचं तिचं घर आहे. मला वाटतं, साठीच्या पुढे माणसाने सोयीसाठी जागा निवडू नये, ओढीसाठी निवडावी. सोयीसाठी आपण आयुष्यभर राहिलोच आहोत. ज्यांना हे पटत नाही त्यांनीही मोकळेपणाने लिहा, मला खरंच ऐकायचंय.

खेतवाडीकर

ताई, मला पटत नाही आणि स्पष्टच लिहितो. माझ्या वडिलांना रात्री पावणेदोनला अर्धांगाचा झटका आला. गिरगावातून वीस मिनिटांत ते डॉक्टरांपुढे होते आणि म्हणून पुढची नऊ वर्षं स्वतःच्या हाताने जेवले. हेच आंजर्ल्यात झालं असतं तर? आधी गाडी शोधा, मग दापोली, तिथून म्हणतील पुढे न्या. या आजारात पहिल्या साडेचार तासांतच गुठळी विरघळवायचं औषध देता येतं. ते तास घाटात जायचे.

सोयीला तुम्ही कमी लेखताय. म्हातारपणी सोय म्हणजेच स्वातंत्र्य. पायी भाजी, पायी औषधं, आता मेट्रो ३ सुद्धा गिरगावातूनच जाते. कुणाला "मला घेऊन चला" म्हणावं लागत नाही. गावात पहिल्या दिवसापासून तुम्ही कुणाच्या तरी मोटारसायकलवर अवलंबून.

आगरकरी

मी आंजर्ल्याच्या उत्तरेला, किनाऱ्यावरच्याच एका वाडीत राहतो. जन्म इथलाच, बारा वर्षं डोंबिवलीला काढून परत आलो. ताई, तुमची विरी वाचून बरं वाटलं, शहरातली माणसं बहुधा सूर्यास्ताचंच लिहितात. तरी माझा विरोध आहे. खेतवाडीकरांच्या कारणासाठी मात्र नाही.

आधी त्यांना उत्तर. दवाखाना लांब आहे हे खरंच. पण कोकण म्हणजे औषधाविना मरण हे चित्र जुनं आहे. एके काळी लाल विंचू चावला की पोरं हकनाक जायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागातच बसून त्यावर प्राझोसिन या औषधाचा उपाय बसवला, आता लवकर पोचलेला रुग्ण सहसा जात नाही. झटक्याचं मात्र मी नाकारत नाही. त्याला इथे उत्तर नाही.

आता माझं म्हणणं. तुम्ही दिवाळीतलं कोकण पाहिलंत. ३ जून २०२० च्या दुपारी निसर्ग वादळ आलं तेव्हा मी माजघरात होतो, आई, बायको आणि दोन मुलं खाटेखाली. कौलं पत्त्यासारखी उडत होती. वारा थांबल्यावर आगरात गेलो तर आगर नव्हतंच. आजोबांनी लावलेल्या पोफळी एकाच दिशेला आडव्या. त्या झाडांखाली मी कधी ऊन पाहिलं नव्हतं, त्या दिवशी विहिरीच्या तळापर्यंत ऊन. वीज यायला कित्येक आठवडे गेले. पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं, आणि बाग म्हणावी असं व्हायला त्याहून जास्त. आम्ही पुन्हा लावल्यात. तुम्ही शिपण्याचं पाणी पाहिलंत त्या वयाचं आगर आता आमच्या वाडीत दोघांकडेच उरलंय. लावलेलं टिकवायचं तर वानर-माकडांशी रोजची झटापट.

दुसरी गोष्ट जागेची. शेतजमीन घ्यायला शेतकरी असल्याचा दाखला लागतो, तो नसेल तर बिनशेती प्लॉट. कुणी तुम्हाला जुनं घर दाखवेल तर आधी सातबारा बघा. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर एकतीस नावं आहेत, त्यातली पाच माणसं हयात नाहीत, सहा कुठे आहेत ते आम्हाला ठाऊक नाही. भिंतीतला एक चिरा बदलायचा तरी सामायिकात कुणीतरी फोन करून विचारतो, "कोणाला विचारून?"

आणि तिसरी, जी मला खरी लागते. आमच्या वाडीत चौदा घरं. नऊ बंद. त्यातली चार आमच्याच चाकरमान्यांची, गणपतीला उघडतात. उरलेली पाच तुमच्यासारख्या ओढ लागलेल्या लोकांनी घेतलेली. हौसेने जांभ्याचं घर बांधलं, झोपाळा टांगला, दोन वर्षं आले, मग गुडघे, नातवंडं, डॉक्टर. जमिनीचे भाव मात्र इतके चढवून गेले की माझ्या चुलतभावाला स्वतःच्या गावात चार गुंठे घेता येत नाहीत. तो आता चिपळूणला भाड्याने राहतो. ओढ तुमची, पण किंमत त्याने मोजली.

गलाईवाला, कोइमतूर

मी खानापूर तालुक्यातला, विट्याकडचा. आमच्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, बहुतेकांना ठाऊक असेल. सोनाराच्या दुकानातली झाडण विकत घ्यायची, जाळायची, मुशीत घालायची, तेजाबात टाकायची आणि त्यातून गुंजभर सोनं काढायचं. त्या वाफेनं माझ्या वरच्या दातांची फळी चाळिशीत गेली.

"कुठेही राहायची मुभा" हे शब्द वाचून थांबलो. आम्ही खरंच कुठंही राहिलोय. बहात्तरच्या दुष्काळात आजोबा खडी फोडायला गेले, थोरला चुलता कलकत्त्याला, वडील केरळात, मी कोइमतूरला. गाव निवडायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं. जिथं ओळखीच्या माणसाची भट्टी, तिथं गाव. म्हणून ताईंचं "ओढीनं निवडावं" हे मला परक्यासारखं वाटतं, राग नाही.

वडील इथंच वारले. रात्रीची वेळ, गावाकडनं माणूस यायला दोन दिवस. तिरडीला पुढं मी आणि धाकटा भाऊ. मागं एका बाजूला घरमालकाचा पोरगा, ज्याला मराठीचा एक शब्द येत नाही, आणि दुसऱ्या बाजूला शेजारचा मल्याळी चहावाला. त्या दिवशी मला कोइमतूर माझं झालं, त्याआधी अठरा वर्षं ते नुसतं धंद्याचं ठिकाण होतं. तेव्हा ताई, ठिकाणाचं दार-खिडकी बघू नका. तिथं चौथा खांदा कोणाचा ते बघा.

आता माझ्या मनातलं विचाराल तर मी गावीच जाईन. याचं कारण पाणी. आटपाडीला नागनाथअण्णा नायकवडींच्या पाणी परिषदा भरायच्या तेव्हा वडील भाकरी बांधून जायचे. कृष्णेचं पाणी उपसून आपल्या माळावर येणार म्हटलं की गावातलेच लोक हसायचे. शेवटी टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं. गेल्या जानेवारीत आईला घेऊन गेलो होतो. ब्याऐंशी वर्षांची. ओढ्याला उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी बघून ती बोललीच नाही, खाली बसली, ओंजळ भरून डोळ्यांना लावली आणि मग चेहऱ्यावर, डोक्यावर घेत राहिली. लुगडं भिजलं तरी उठेना. तिनं आयुष्यभर दोन मैलांवरनं घागरी आणल्यात. पण माझी पोरं तमिळ बोलत्यात. त्यांना विट्याला काय सांगू?

बडोदेकर

मला दोन्ही टोकं पटत नाहीत. महानगरात दम लागतो, खेड्यात एकटेपणा. मधली शहरं कुणी का धरत नाही? आमची तिसरी पिढी बडोद्यात. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ग्रंथालयं उभारली, त्यावर आम्ही अजून जगतोय. संध्याकाळी कमाटीबागेत फेरी, दहा मिनिटांत मोठा दवाखाना, मराठी नाटकाला गर्दी. आमच्या मराठीत गुजराती मिसळलीय हे खरं, पण परकं कधी वाटलं नाही. ताई, बडोदं लांब वाटलं तर वाई आहे. घाटावर बसा, विश्वकोशाचं कार्यालय त्याच गावात, पुणं दोन-अडीच तासांवर. ओढ आणि औषध दोन्ही मिळेल.

पोफळी

सगळ्यांचं दोनदा वाचलं. रात्री झोप लागली नाही म्हणून आत्ता लिहितेय.

बडोदेकर, वाई मला आवडते, पण वाईचा विचार मी डोक्याने करते. मुलीने विचारल्यावर जे आलं ते डोक्यातून आलं नव्हतं. तडजोडच करायची तर कोथरूड काय वाईट?

गलाईवाले दादा, तुमच्या आईंचं वाचून मी मोबाईल खाली ठेवला. मग तुम्ही सांगितलंत तसे खांदे मोजले. आमच्या मजल्यावर चार दारं. एक कुलूपबंद, मुलं कॅनडात. दुसऱ्यात भाडेकरू, दर अकरा महिन्यांनी नवे. तिसऱ्यात माझ्याहून थकलेले काका-काकू. आणि मी. खेतवाडीकर, वीस मिनिटांवर दवाखाना माझ्याकडेही आहे. पण मी पडले तर तिथे फोन कोण करणार? माझ्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या बाई सोडल्या तर दुसऱ्या दिवसापर्यंत कुणाला कळायचंही नाही.

आगरकरी, तुमच्या चुलतभावाचं मला लागलं. माझ्या ओढीत हा माणूस कुठेच नव्हता. मी झोपाळासुद्धा मनात टांगून ठेवला होता. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण मग आमच्यासारख्यांनी यायचंच नाही का? बंद नऊ घरांत दहाव्याची भर घालायची नाही, हे मात्र मी लिहून देते.

खेतवाडीकर

तुम्ही मोजलंत तसं मीही मोजलं. मी मुद्दाम सांगितलं नव्हतं, आता सांगतो. आमची चाळ पुनर्विकासाला गेलीय. दोन वर्षं झाली, मी दहिसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे. वडिलांना झटका आला तेव्हा त्यांना उचलून खाली नेणारे सहा जण गॅलरीतून धावत आले होते, कारण दारं उघडीच असायची. वीस मिनिटांतली दहा तिथे वाचली. नवा मनोरा होईल तेव्हा लिफ्ट असेल, गॅलरी नसेल. मला कुठेही राहायची मुभा दिली तर मी तिसऱ्या मजल्यावरच्या त्या सामाईक गॅलरीत राहीन, कठड्याला वाळत घातलेल्या कपड्यांसकट. ती आता पाडून झालीय.

तरी माझा मुद्दा सोडत नाही. दवाखाना जवळ असलाच पाहिजे.

आगरकरी

ताई, "यायचंच नाही का" असं मी म्हटलेलं नाही. विकत घेऊ नका एवढंच म्हणतो. बंद घर भाड्याने घ्या. आमच्या शेजारचं काकूंचं घर आहे, त्या मुलाकडे ठाण्याला असतात, कुणी दिवा लावणारं मिळालं तर त्यांनाही हवंय. बंद घराची कौलं वर्षात उतरतात, वाळवी चौकट खाते. माणूस राहिला तर घर उभं राहतं आणि जमिनीचा भाव वाढत नाही.

पण आगोटीच्या, म्हणजे पाऊस सुरू व्हायच्या, आधी या, मेअखेरीला. शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, कशी होते बघा, लाकडं पडवीत भरा, मग जुलै काढा. जुलैत अंथरूण चार दिवस दमट राहतं, रस्त्यावर दरड आली तर दूध येत नाही. आणि आणखी एक, सकाळी आठपर्यंत तुमचं दार उघडलं नाही तर कुणीतरी येऊन कडी वाजवणार. चौकशा होणार, कोण आलं, कोण गेलं, मुलगी का येत नाही. कोथरूडमध्ये हे कुणी विचारत नाही. ते तुम्हाला सोसेल का, याचा विचार पावसापेक्षा जास्त करा.

गलाईवाला, कोइमतूर

कडी वाजवणारा भेटला की जा ताई. मी माझं मत बदललं.

पोफळी

कडीचं मला चालेल. आठपर्यंत मी उठलेली असते.

मुलीला तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद वाचून दाखवले. ती खेतवाडीकरांच्या बाजूची आहे, निघायच्या आधी सगळ्या तपासण्या करून घ्यायची अट तिने घातलीय आणि मी ती मान्य केलीय. आगरकरी, काकूंच्या घराच्या विहिरीला पंप आहे की रहाट?

आगरकरी

दोन्ही. वीज गेली की रहाट. दोर मात्र नवा आणायला लागेल.