तरासा सेशेल्सला दिली होती ना? मग मुंबईत दिसली ती कोणती?

रेवसकर:
परवा भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला येताना एक राखाडी, ठेंगणी बोट जवळून गेली. पुढे एक तोफ, बाजूला नाव 'तरासा'. मला पक्कं आठवतंय, नौदलाची तरासा आपण सेशेल्सला देऊन टाकल्याचं पेपरात वाचलं होतं. मग ही कुठली? आणि ती वळली तेव्हा मागे पाणी नुसतं उकळत होतं, तो काय प्रकार?

मुकादम७४:
सेशेल्सवाल्यांनी परत केली असेल. दिलेला डबा कधीतरी परत येतोच.

इंजिनखोली (निवृत्त):
मुकादम, डबा तिकडेच आहे हो. रेवसकरांनी पाहिली ती दुसरी तरासा. पहिली २००१ची, त्रिंकट वर्गातली, म्हणजे त्रिंकटच्याच नमुन्यावर बांधलेली. ती २०१४मध्ये सेशेल्सला गेली आणि 'कॉन्स्टंट' झाली. नाव मोकळं झालं, मग सप्टेंबर २०१७मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत नवी बोट दाखल झाली तिला तेच दिलं. आजोबांचं नाव नातवाला ठेवतात तसं. आजोबा आणि नातू दोघंही कोलकात्याच्या गार्डन रीच जहाज कारखान्याचे. तिलांचांग, तारमुगली या बोटींचंही असंच. सगळी अंदमान-निकोबारच्या बेटांची नावं.

खरी गंमत मालदीवची. जुनी तिलांचांग २००६ला तिकडे 'हुरावी' झाली. मे २०२३मध्ये तिच्या बदली आपण नवी तारमुगली दिली, तर तिचंही नाव हुरावीच!

आता उकळणारं पाणी. नव्या बोटीला खाली पंखाच नाही, सुकाणूही नाही. तीन इंजिनं, तीन वॉटरजेट. तळातून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं. तोंड वळवलं की बोट वळते. मागे जायचं तर फवाऱ्यासमोर लोखंडी झापड खाली येते आणि पाणी उलटं पुढे वळतं. मी याच जातीच्या, कार निकोबार वर्गातल्या एका बोटीवर होतो. पहिल्यांदा धावत्या बोटीवर झापड पडली तेव्हा माझा चहा समोरच्या गेजवर. ३५ नॉटला (ताशी साधारण ६५ किलोमीटर) मात्र ही बोट लोण्यासारखी जाते. रेंगाळायचं असेल तर डिझेल उगाच खाते, हे माझं मत. ब्रिजवरची, म्हणजे वर बोट चालवणारी मंडळी मान्य करायची नाहीत.

करंजा_नाखवा:
पंखाच नाही, म्हणजे जाळं गुंतायची भीती नाही? आमचा अर्धा सीझन पंख्यातली दोरी कापण्यात जातो.

इंजिनखोली (निवृत्त):
नाखवा, तुमच्याइतका त्रास नाही. पण जेट पाण्याबरोबर कचराही ओढतं. तोंडाला जाळी असते, तिच्यावर प्लास्टिक बसलं की इंजिनाचा सूर चढतो आणि बोट मात्र पुढे सरकत नाही. मग इंजिन बंद, वरचं झाकण उघडायचं, आकडी घालून ओढायचं. दोऱ्या, चपला, पिशव्या तर रोजच्याच. एकदा अख्खं तांदळाचं पोतं निघालं, त्यावरचा गिरणीचा शिक्का अजून वाचता येत होता.

रेवसकर:
आणि तांदूळ?

इंजिनखोली (निवृत्त):
ते माशांना विचारा.