एकच कलम, तीन अर्थ : मुलींच्या वाटणीचा कायदा नक्की कोणी केला?

माणदेशी (प्रश्न)

एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतील हिस्सा ठरवणाऱ्या, हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम ६ विषयी विचारायचे आहे. मला सल्ल्यापेक्षा समजून घेण्याची गरज अधिक आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझे आजोबा १९९८ साली वारले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. मागे माझे वडील, काका आणि दोन आत्या असे चौघे राहिले. आत्यांची लग्ने सत्तरच्या दशकातच झालेली होती. वडिलोपार्जित जमीन बारा एकर आहे. आत्यांनी वाटणीचा दावा लावला तेव्हा, म्हणजे २०१६ च्या सुमारास, दोन्ही बाजूंच्या वकिलांचे एका गोष्टीवर एकमत होते : ९ सप्टेंबर २००५ रोजी, म्हणजे मुलींना हक्क देणारी सुधारणा अमलात आली त्या दिवशी, वडील हयात नसतील, तर मुलीला जन्मसिद्ध हिस्सा मिळत नाही. त्यामुळे आजोबा आणि दोन मुलगे यांच्यात तीन हिस्से धरायचे आणि आजोबांच्या चार एकरांत चौघे वारस, असा हिशेब झाला. आत्यांना प्रत्येकी एक एकर आणि वडील व काका यांना प्रत्येकी पाच एकर असा हुकूमनामा झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानंतर तोच हिशेब केला, तर चौघांना तीन-तीन एकर येतात.

जास्त जमीन ज्या बाजूला आली त्या बाजूचा मी आहे, आणि म्हणूनच हा प्रश्न मला टोचतो. या काळात संसदेने त्या कलमातील एक अक्षरही बदलले नाही. मग एका एकराचे तीन एकर कोणी केले? खासदारांना आपण निवडून देतो, न्यायाधीशांना देत नाही. कायद्याचा अर्थ लावणे आणि कायदा करणे यांतील रेघ नक्की कोठे आहे?

दिवाणी वकील

वाटणीचे दावे चालवण्यातच माझी बहुतेक वकिली गेली आहे, म्हणून आधी त्या कलमाच्या शब्दांकडे पाहू या. २००५ ची सुधारणा म्हणते की ती अमलात आल्यापासून सहदायादाची, म्हणजे एकत्र कुटुंबातील जन्मसिद्ध हिस्सेदाराची, मुलगी ही मुलाप्रमाणेच जन्मतः सहदायाद होईल. ‘अमलात आल्यापासून’ हे शब्द पुढे पाहतात आणि ‘जन्मतः’ हा शब्द मागे पाहतो, आणि दोन्ही एकाच वाक्यात आहेत. २० डिसेंबर २००४ रोजी हे विधेयक राज्यसभेत मांडले गेले. त्या तारखेपूर्वी झालेल्या वाटण्या आणि विक्रीव्यवहार अबाधित राहतील, हे संसदेने स्पष्ट लिहिले. वडील आधीच वारले असतील तर काय, हे मात्र लिहिले नाही. भाऊ आणि बहीण समोर उभे असताना ‘कायद्यात लिहिलेले नाही, म्हणून निकाल देत नाही’ असे न्यायाधीशाला म्हणता येत नाही. त्याला अर्थ लावावाच लागतो.

२०१५ साली ‘प्रकाश विरुद्ध फुलावती’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पहिल्या शब्दांवर भर दिला : सुधारणेच्या दिवशी वडील आणि मुलगी दोघेही हयात हवेत. २०१८ साली ‘दानम्मा’ खटल्यात दोन न्यायमूर्तींच्याच दुसऱ्या खंडपीठाने २००१ साली वारलेल्या वडिलांच्या मुलींना सहदायाद म्हणून हिस्सा दिला, तोही आधीच्या निकालाचा आधार मान्य करून. दोन्ही निकाल एकाच वेळी पाळणे खालच्या न्यायालयांना शक्य नव्हते. अखेर तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने ११ ऑगस्ट २०२० रोजी ‘विनीता शर्मा’ खटल्यात वडील हयात असण्याची अट काढून टाकली.

त्यामागील युक्तिवाद मला मोलाचा वाटतो. मिताक्षरा या हिंदू कायद्याच्या जुन्या ग्रंथानुसार सहदायादाचा हक्क हा अप्रतिबंध दाय आहे. तो जन्माने मिळतो, कोणाच्या मरणाने नव्हे. ‘जन्मतः’ हा शब्द संसदेने वापरला, तेव्हा त्या शब्दामागची शतकानुशतकांची समजही तिने स्वीकारली. मग वडिलांच्या मृत्यूची तारीख मध्ये कशी आणता येईल? येथे हेही आठवते की मिताक्षरा मुळात याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने लिहिलेली टीका आहे. आपल्याकडील वाटणीच्या कायद्याचा पायाच अर्थ लावण्याच्या एका कामावर उभा आहे.

आणखी एक उदाहरण आपल्या उच्च न्यायालयातून वर गेलेले आहे. खंडाप्पा मगदूम १९६० साली वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे आणि तीन मुली होत्या. १९५६ च्या कायद्यात म्हटले होते की मृत व्यक्तीचा हिस्सा ठरवण्यासाठी मृत्यूच्या लगेच आधी वाटणी झाली असे मानावे. ही मानीव वाटणी केवळ खंडाप्पांचा हिस्सा काढून थांबते, की तिचे सर्व परिणाम मानायचे, असा प्रश्न होता. थांबली तर हिराबाईंना चोविसातील एकच भाग मिळत होता. हिंदू कायद्याच्या मुंबई शाखेच्या नियमानुसार पती आणि मुलांच्या वाटणीत पत्नीलाही हिस्सा असतो. सर्व परिणाम मानले तर तिला आधी एक चतुर्थांश आणि मग वारस म्हणून चोविसावा भाग, असे चोविसातील सात भाग मिळत होते. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सात भाग कायम केले. कायदा तोच होता. पण एकदा मानायचे ठरवल्यावर अर्ध्यावर थांबता येत नाही, हे न्यायालयाने दाखवले. याला मी कायदा करणे म्हणणार नाही.

निवृत्त मंडळ अधिकारी

वकीलसाहेबांचे विवेचन मान्य आहे, तरीही माझा आक्षेप राहतो. संविधानाच्या अनुच्छेद १४१ प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला अर्थ देशातील सर्व न्यायालयांवर बंधनकारक असतो. म्हणजे २०१५ ते २०२० या काळात फुलावती निकालावर विसंबून ज्यांनी जमिनी विकल्या, घेतल्या किंवा फेरफार करून घेतले, त्यांनी कायदाच पाळला होता. फेरफार मंजूर करताना आमच्यासारख्यांनीही तेच केले. नंतर न्यायालयाने सांगितले की कायद्याचा अर्थ २००५ पासून वेगळाच होता. चूक दुरुस्त झाली हे चांगलेच झाले, परंतु मधल्या पाच वर्षांची किंमत खंडपीठाने नव्हे, कुटुंबांनी मोजली. इतक्या घरांना लागू होणारा प्रश्न पहिल्याच वेळी मोठ्या पीठापुढे जायला हवा होता, असे माझे ठाम मत आहे.

मात्र ‘न्यायाधीश निवडून येत नाहीत’ हा मुद्दा मला अपुरा वाटतो, कारण अर्थ पटला नाही तर संसद कायदा बदलू शकते. घटस्फोटित मुस्लीम स्त्रीच्या पोटगीविषयीचा शाहबानो निकाल १९८५ सालचा आणि त्याला उत्तर देणारा मुस्लीम महिलांविषयीचा कायदा १९८६ सालचा. तो कायदा चांगला होता असे मी म्हणत नाही, पण संसदेला बोलता येते हे त्यातून दिसते. पुढे २००१ साली ‘डॅनियल लतिफी’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्याच कायद्याचा अर्थ असा लावला की पतीने आर्थिक तरतूद इद्दतीच्या, म्हणजे घटस्फोटानंतरच्या ठरावीक काळाच्या, मुदतीत करायची आहे, परंतु ती स्त्रीच्या पुढील आयुष्यासाठी पुरेशी असली पाहिजे. शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या प्रकरणात सहज सांगता येत नाही. कलम ६ बाबत मात्र २०१५ नंतर एक ओळीचे स्पष्टीकरण जोडून संसदेला वाद मिटवता आला असता, आणि ती गप्प राहिली. माझी तक्रार न्यायालयापेक्षा संसदेकडे अधिक आहे.

माहेरवाशीण

माणदेशी, आपण विचारता की एका एकराचे तीन एकर कोणी केले. मी उलट विचारते : तीन एकरांचा एक एकर कोणी केला होता? मुलगी मुलासारखीच, हे २००५ साली संसदेनेच लिहिले. त्याआधी १९९४ साली आपल्या राज्याने अशीच सुधारणा केली, पण तिच्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळले. माझ्या मोठ्या बहिणी त्यात बसल्या नाहीत आणि मी बसले. २००५ च्या कायद्यात लग्नाची अट नव्हती, तर दहा वर्षांनी वडिलांच्या हयातीची अट आली. माझ्या बहिणींच्या दृष्टीने २०२० च्या निकालाने नवे काही दिले नाही. लिहिलेले होते तेच वाचले. आणि ज्या बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या आहेत, त्यांच्यापर्यंत यातील कोणताही अर्थ पोहोचलेला नाही.

दिवाणी वकील

ताईंचा मुद्दा बरोबर आहे, आणि मंडळ अधिकारी साहेबांच्या आक्षेपाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. फक्त एक भर घालतो. २०२० च्या निकालाने सर्व जुन्या वाटण्या उकरून काढलेल्या नाहीत. २० डिसेंबर २००४ पूर्वी खरोखर पूर्ण झालेल्या वाटण्या तशाच राहतात. तोंडी वाटणीचा बचाव मात्र न्यायालयाने सहजासहजी न मानण्यास सांगितले आहे, कारण बहिणींना वगळण्यासाठी तशी वाटणी मागाहून रचणे सोपे असते. तसेच प्राथमिक, म्हणजे फक्त हिस्से ठरवणारा, हुकूमनामा झाला म्हणून वाटणी संपली असे होत नाही. अंतिम हुकूमनाम्याचे काम किंवा अपील चालू असेल, तर बदललेले हिस्से विचारात घ्यावे लागतात. माणदेशी, आपल्या हुकूमनाम्याची प्रत काढून तो प्राथमिक आहे की अंतिम, हे पाहावे. कागद पाहिल्याशिवाय याहून अधिक सांगणे योग्य होणार नाही.

माणदेशी

सर्वांचे आभार. ताईंचा उलट प्रश्न वाचून मी आजोबांच्या वेळेपासूनची कागदपत्रे बाहेर काढली. हुकूमनामा प्राथमिक आहे, आणि सरस-निरस वाटप व मोजणी अजून झालेली नाही. न्यायालयाने अर्थ बदलताना मधल्या काळातील लोकांचा विचार अधिक करायला हवा होता, हे मत मी अजून सोडलेले नाही. पण ‘जन्मतः’ हा शब्द संसदेचा आहे, हे मला आता नाकारता येत नाही. थोरल्या आत्याला काल फोन करून प्राथमिक आणि अंतिम हुकूमनाम्यातील फरक सांगितला. तिने सगळे ऐकून घेतले आणि तुझ्या बापाला हे ठाऊक आहे का, एवढेच विचारले. रविवारी वडील आणि काका एकत्र बसणार आहेत, तेव्हा तो हुकूमनामा मी त्यांच्यासमोर ठेवणार आहे.