मदत हवी आहे : रडार प्रतिमांवरून मेळघाटातील सागवनाचा जैवभार

मेळघाटातील शुष्क पानझडी सागवनाचा जमिनीवरील जैवभार, म्हणजे बायोमास (झाडांचे एकूण सुके वजन), रडार प्रतिमांवरून काढण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. 0.1 हेक्टरच्या चौकोनांत प्रत्येक झाडाचा घेर 1.37 मीटर उंचीवर टेपने मोजला असून, त्या आकड्यांची सांगड जपानच्या उपग्रहावरील पालसार-2 या रडार उपकरणाच्या 25 मीटर पिक्सेलच्या वार्षिक मोझेकमधील (अनेक प्रतिमा जोडून केलेल्या चित्रातील) एचव्ही ध्रुवीकरणाशी, म्हणजे आडवी लहर सोडून उभी परतलेली टिपणाऱ्या संकेताशी, घातली आहे. युरोपच्या सेंटिनेल-1 या रडार उपग्रहाची साडेपाच सेंटीमीटरची लहर बहुतांशी वरच्या पानाफांद्यांवरूनच परतते, म्हणून ती बाजूला ठेवली.

विरळ रानात जैवभार वाढेल तसा एचव्ही संकेताचा आलेख नीट चढतो. परंतु गाविलगडच्या डोंगरउतारांवर, मोझेकला उतारदुरुस्ती (उतारामुळे संकेतात पडणारा फरक काढणे) आधीच केलेली असूनही, रडारकडे तोंड असलेल्या अंगाचे रान पलीकडच्या तशाच रानापेक्षा उगाच भरगच्च दिसते. अशा वेळी पुन्हा दुरुस्ती करावी, की तीव्र उतारांवरचे चौकोन सरळ गाळावेत?

दुसरी अडचण मला अधिक सतावते. माझा चौकोन पिक्सेलपेक्षा जेमतेम मोठा आहे आणि दाट छत्राखाली जीपीएस काही मीटर सरकतो, त्यामुळे नेमका कोणता पिक्सेल धरावा हेच कळत नाही. शेजारच्या नऊ पिक्सेलांची सरासरी चालेल, की 1 हेक्टरचे नवे चौकोन आखावेच लागतील? सागवनात प्रत्यक्ष काम केलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.