आर्मेनियन वंशसंहाराला भारताने अधिकृत मान्यता द्यावी का?

खडूफळा (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये तुर्कस्तानने उघड उघड पाकिस्तानची बाजू घेतली, तेव्हा पुण्याच्या मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं मागवणं बंद केलं. त्याच रागाच्या भरात 'आर्मेनियन वंशसंहाराला मान्यता देऊन तुर्की अध्यक्ष एर्दोआनना धडा शिकवा' असंही ऐकू येऊ लागलं. ही मान्यता मला मनापासून हवी आहे, पण धडा शिकवण्यासाठी नको. म्हणून हा धागा.

२४ एप्रिल १९१५ च्या रात्री तेव्हाच्या ओटोमन (तुर्की) सरकारने इस्तंबूलमध्ये आर्मेनियन लेखक, डॉक्टर, वकील, पत्रकार अशा दोनशेहून जास्त माणसांची धरपकड केली. दानिएल वारुझान आणि सियामांतो हे कवी त्याच वर्षी मारले गेले. गावोगाव फिरून लोकगीतं गोळा करणारा कोमितास हा पाद्री-संगीतकार सुटला खरा, पण त्याचं मन पुन्हा कधी थाऱ्यावर आलं नाही. १९३५ मध्ये पॅरिसजवळच्या मनोरुग्णालयात तो वारला. पुढच्या महिन्यांत अनातोलियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) गावांमधून पुरुषांना बाजूला काढून ठार केलं गेलं आणि बायकामुलांना सीरियाच्या वाळवंटात देर अझ-झोरकडे पायी हाकललं गेलं. मृतांचे अंदाज सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत जातात.

अमेरिकेचे तेव्हाचे राजदूत हेन्री मॉर्गेनथाऊ यांनी एक प्रसंग लिहून ठेवला आहे. गृहमंत्री तलात पाशाने त्यांच्याकडे अमेरिकन विमा कंपन्यांच्या आर्मेनियन पॉलिसीधारकांची यादी मागितली. ही माणसं आता मेलीच आहेत, मागे वारसही उरले नाहीत, तेव्हा पैसे सरकारजमा व्हायला हवेत, असं त्याचं म्हणणं. मॉर्गेनथाऊंनी साफ नकार दिला. ज्या राज्याचा गृहमंत्री हा हिशेब मांडतो, तिथे जे झालं ते युद्धाच्या धामधुमीत घडलं म्हणणं मला तरी अशक्य आहे.

आता राजनैतिक किंमत. उरुग्वेने १९६५ मध्ये पहिली मान्यता दिली. आज असे देश तीसहून जास्त आहेत. फ्रान्सने २००१ मध्ये कायदा केला. तुर्कस्तानने राजदूत परत बोलावला, संरक्षण कंत्राटं रद्द केली. जर्मन संसदेने २ जून २०१६ ला ठराव केला. पुन्हा राजदूत माघारी, शिवाय तुर्कस्तानातल्या इंजिर्लिक हवाई तळावरच्या जर्मन सैनिकांना भेटायला जर्मन खासदारांना मनाई. जर्मनीने २०१७ मध्ये आपलं पथक जॉर्डनला हलवलं. पण निर्वासितांबाबतचा युरोपशी झालेला करार टिकला, जर्मनीशी व्यापार चालू राहिला आणि काही महिन्यांत राजदूतही परत आला. बायडन यांनी २०२१ मध्ये 'वंशसंहार' हा शब्द अधिकृतपणे वापरला तेव्हा तर अमेरिकन राजदूताला बोलावून निषेध नोंदवण्यावरच भागलं. किंमत मोजावी लागते, पण ती सोसण्यासारखी असते.

वाटसरू

कारण कुठलं का असेना, मान्यता द्याच. हमीद अन्सारी उपराष्ट्रपती असताना २०१७ मध्ये आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानमध्ये या वंशसंहाराच्या स्मारकावर जाऊन आले, जयशंकर २०२१ मध्ये गेले. फुलं वाहिली, मग नाव घ्यायला कसली भीती? एर्दोआन संयुक्त राष्ट्रांत काश्मीर काढतात तेव्हा आपल्या अंतर्गत बाबींचा विचार करतात का? आत्ता नाही तर कधी?

दख्खनी

मी पूर्ण असहमत. १९१५ ला काय घडलं याबद्दल माझा वाद नाही, तुम्ही लिहिलंय ते खरंच आहे. वाद एवढाच की भारत सरकारने त्यावर शिक्का मारावा का.

खडूफळा, तुमची सगळी उदाहरणं नाटोतल्या देशांची आहेत. ते एकमेकांना गरजेचे आहेत, म्हणून भांडण मिटतं. आपल्याला तसा कुठला आधार आहे? इस्लामी सहकार्य संघटनेत तुर्कस्तान आधीच आपल्या विरोधात बोलतो. त्याला आणखी एक निमित्त मिळेल. त्याहून मोठी गोष्ट पायंड्याची. एका देशाच्या संसदेने दुसऱ्याच्या इतिहासावर निकाल द्यायचा हे एकदा मान्य केलं की परदेशी संसदेत आपल्याविरुद्ध ठराव आला तर कुठल्या तोंडाने हरकत घेणार?

आणि त्या मान्यतेने जिवंत आर्मेनियन माणसाला मिळालं काय? २०२१ मध्ये बायडन बोलले. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने हल्ला केला आणि नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशातून एक लाखाहून जास्त आर्मेनियन काही दिवसांत घरदार सोडून निघाले. मान्यता देणाऱ्या एकाही देशाने ते थांबवलं नाही. भारताने त्यांना पिनाका रॉकेट यंत्रणा विकली, जी आपल्या पुण्यात पाषाणच्या प्रयोगशाळेत विकसित झाली. आर्मेनियाला ती कुठल्याही ठरावापेक्षा जास्त उपयोगाची आहे.

खडूफळा

वाटसरू, तुमचा राग समजतो, पण 'कारण कुठलं का असेना' इथेच आपलं जमत नाही. अमेरिकेत २००७ आणि २०१० मध्ये ठराव समितीत मंजूर होऊनही प्रतिनिधिगृहापुढे मतदानाला आलाच नाही, कारण तुर्कस्तानातला तळ हवा होता. २९ ऑक्टोबर २०१९ ला तोच ठराव ४०५ विरुद्ध ११ मतांनी पार पडला, कारण काहीच आठवड्यांपूर्वी तुर्की सैन्य ईशान्य सीरियात घुसलं होतं. फेब्रुवारी २०२० मध्ये असद यांच्या सीरियाने मान्यता दिली, तेव्हा सीरियातल्या इदलिबमध्ये तुर्की आणि सीरियन सैन्यं समोरासमोर होती. असद यांना तेव्हाच त्या मृतांची आठवण व्हावी? आपणही सफरचंदांच्या बहिष्काराला जोडून हे केलं तर अंकारा सहज म्हणेल, हे सगळं राजकारण आहे. आणि त्या वेळी ते खोटंही ठरणार नाही.

दख्खनी, 'मिळालं काय' याचं उत्तर त्याच विमा पॉलिसींमध्ये आहे. कॅलिफोर्नियाने २००० मध्ये कायदा करून वारसांना जुने दावे लावायची मुदत वाढवून दिली. न्यूयॉर्क लाइफ कंपनीने २००४ मध्ये दोन कोटी डॉलरची तडजोड केली. पण जर्मन विमा कंपन्यांविरुद्धच्या खटल्यात २००९ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, की केंद्र सरकारचं परराष्ट्र धोरण 'वंशसंहार' हा शब्द टाळायचं आहे, तेव्हा राज्याला असा कायदा करता येणार नाही. मधे एकदा निकाल फिरला, पण २०१२ मध्ये मोठ्या पीठाने तो कायदा परराष्ट्र व्यवहारात ढवळाढवळ ठरवून रद्दच केला. आजोबांची पॉलिसी हातात घेऊन कोर्टात गेलेल्या माणसाला दार बंद झालं. सरकारच्या गप्प बसण्याचा परिणाम असा थेट घरापर्यंत पोहोचतो. काराबाखचं मात्र तुमचं बरोबर आहे, तिथे मान्यता कामाला आली नाही.

कोकणकडा

दोन्ही बाजू वाचल्या. मला विरोधातच बोलायचंय, पण भारताच्या हितासाठी नाही, आर्मेनियन लोकांच्या हितासाठी.

हरांत दिंक या इस्तंबूलच्या आर्मेनियन पत्रकाराने तुर्कस्तानात राहून हा विषय काढला, 'तुर्कत्वाचा अपमान' केला म्हणून दोषी ठरला आणि १९ जानेवारी २००७ ला आपल्याच वृत्तपत्राच्या कचेरीबाहेर गोळ्या खाल्ल्या. पण वंशसंहार नाकारणं गुन्हा ठरवणारं विधेयक फ्रान्समध्ये आलं, तेव्हा हाच माणूस म्हणाला होता की कायदा झाला तर मी फ्रान्सला जाऊन मुद्दाम नाकारेन. त्यांच्या अंत्ययात्रेत हजारो तुर्क 'आम्ही सगळे आर्मेनियन' अशा पाट्या घेऊन चालले. तुर्की समाज बदलायचा तर तो असा आतून. बाहेरच्या प्रत्येक ठरावानंतर तिथल्या राष्ट्रवाद्यांचाच आवाज चढतो.

शिवाय आर्मेनिया स्वतः काय करतोय ते बघा. तुर्कस्तानची सीमा १९९३ पासून बंद. २००९ मध्ये झुरिकला दोन्ही देशांत संबंध सुधारायचे करार झाले, ते दोन्ही संसदांमध्ये अडकून मेले. तुर्कस्तानातल्या २०२३ च्या भूकंपात मदतीचे ट्रक तेवढे त्या सीमेवरून गेले. आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांनी २०२५ मध्ये सांगितलं की आंतरराष्ट्रीय मान्यता हा आमच्या परराष्ट्र धोरणाचा अग्रक्रम नाही, आणि जूनमध्ये ते इस्तंबूलला जाऊन एर्दोआनना भेटले. ज्यांचं दुःख आहे त्यांनाच आज व्यापाराचा रस्ता हवा असेल, तर दिल्लीने पुढे पुढे का करावं?

खडूफळा

कोकणकडा, या धाग्यावरचा सगळ्यात जड प्रतिसाद तुमचा. पण दिंक यांचा तो विरोध नाकारणाऱ्याला शिक्षा करण्याला होता. पुढे २०१२ मध्ये फ्रान्सच्या घटना परिषदेने तसा कायदा रद्द केला, आणि २०१५ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही स्वित्झर्लंडमधली अशी शिक्षा अभिव्यक्तिस्वातंत्र्याविरुद्ध ठरवली. दोन्ही निकाल मला मान्य आहेत.

पाशिन्यान यांच्यावर एवढ्यात काराबाख गमावल्याचं दडपण आहे, तुर्कस्तान आणि अझरबैजान अशा दोन सीमा बंद आहेत. पडत्या काळात त्यांनी मागणी मागे ठेवली, याचा अर्थ दुःख संपलं असा होत नाही. आणि जगभर पांगलेल्या आर्मेनियन लोकांच्या वतीने ते एकटे बोलू शकत नाहीत. माझी मागणी छोटी आहे: तुर्कस्तानशी भांडण पेटलेलं नसेल अशा एखाद्या वर्षी, २४ एप्रिलला परराष्ट्र खात्याचं एक निवेदन. त्यात घटनेचं नाव हवं. निर्बंध नकोत, शिक्षा नको.

दख्खनी

भांडण नसेल त्या वर्षी कुठलंही सरकार हे करणार नाही, आणि भांडणात केलेलं तुम्हाला चालणार नाही. म्हणजे व्यवहारात तुमची मागणी माझ्याच जागी येऊन थांबते. पायंड्याचा मुद्दाही तसाच राहिला.

खडूफळा

थांबत नाही. उरुग्वेचं तुर्कस्तानशी १९६५ मध्ये कसलंही भांडण नव्हतं. पायंड्याचं म्हणाल तर २०१६ च्या जर्मन ठरावात तेव्हाच्या मित्रदेशाला (ओटोमन तुर्कस्तानला) आवरलं नाही म्हणून जर्मन साम्राज्यावरही ठपका होता, आणि २०२१ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या वसाहतीतल्या, नामिबियातल्या हेरेरो आणि नामा लोकांचा वंशसंहारही मान्य केला. परदेशी संसदेत आपल्याविषयी ठराव आला तर पुरावे बघून उत्तर देऊ. खोटा असेल तर तसं ठणकावून सांगू. त्या धास्तीने १९१५ बद्दल गप्प राहणं मला पटत नाही.

दख्खनी

मला पटतं. तुमचं निवेदन निघालं तर मी ते आदराने वाचेन, पण मागणीवर सही करणार नाही.