परसातला शेप्या आंबा वाचवायचाय, घरच्या घरी कलम जमेल का?

लांजेकर_डोंबिवली

नमस्कार मंडळी,

लांजा तालुक्यात आमचं घर आहे. मागच्या परसात एक जुना रायवळ, म्हणजे कोयीपासून आलेला गावठी आंबा आहे, त्याला घरात सगळे शेप्या म्हणतात, कारण पिकला की सालीला शेपूचा वास येतो. फळ लहान, रेषा भरपूर, कापून खायची सोय नाही, चोखायचाच. पण साठं (आंबापोळी) घालावं तर याच्याच रसाचं, असं आत्याचं ठाम मत आहे आणि ज्यांनी ते खाल्लंय त्यांना ते पटतं.

गेल्या वर्षी वाटण्या झाल्या आणि झाड चुलतभावाच्या हिश्शात गेलं. त्याला दिवाळीनंतर तिथे घर बांधायचंय, झाड नेमकं चौथऱ्यात येतं. जागाच तेवढी आहे, त्याला दोष नाही. उलट "हव्या तेवढ्या काड्या काढ, मी चढतो" असं तोच म्हणाला. म्हणजे हातात हा एकच पावसाळा.

मी आजवर कलम बांधलेलं नाही. इंटरनेटवर बघायला गेलो तर कोणी फांदी कोरफडीत खोचतंय, कोणी केळ्यात, आणि महिन्याभरात मुळं सुटलेली दाखवतायत. हे खरं आहे का? की सरळ याचाच बाठा (कोय) रुजवला तर शेप्याच येईल? कलमच करायचं तर कुठलं, कधी, आणि त्यासाठी खास सुरा लागतो का? मी डोंबिवलीला असतो, गावी दर पंधरा दिवसांनी जाणं होतं. आत्या तिथेच राहते, पाणी घालण्यापुरती मदत करेल. झाड खूप उंच आहे, खालच्या फांद्या कधीच तुटल्यात.

केजचा_शेतकरी

आमच्याकडे बीड भागात गावरान कोय थेट शेतात खड्ड्यावर लावतात, रोप वर्षाचं झालं की पावसाळ्यात त्याच्या लालसर कोवळ्या फुटीवर केसरचं मृदुकाष्ठ कलम जागेवरच करतात. सोटमूळ हलत नाही, म्हणून झाड पाण्याचा ताण सोसतं. पण तुमच्याकडे वर्षभर थांबायला वेळ नाही. कोकणातल्या हवेत कोय कलम चालतं, आमच्या कोरड्या हवेत ते अवघड जातं. कोकणातलं कोणीतरी सांगेलच. तुमच्या नव्या हिश्शात एखादं तरणं रायवळ रोप आपोआप उगवलेलं असेल तर ते मात्र काढू नका, उपयोगी पडेल.

कलमवाली_कुडाळ

दादा, वेळेत विचारलंत. मे संपत आलाय, बाठे ताजे मिळायचे हेच दिवस. मी रोपवाटिकेत कलमं बांधते, आई बांधायची तिच्याकडून शिकले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते व्हिडिओ. केळं, कोरफड, कांदा यात आंब्याची फांदी खोचून झाड तयार होतं हे साफ खोटं आहे. मला याचा मनापासून राग येतो, कारण माणसं नेमक्या अशाच झाडाच्या काड्या त्यात वाया घालवतात, जे झाड पुन्हा मिळणार नसतं. आंब्याची काडी जास्वंदीसारखी मुळं धरत नाही. ती दुसऱ्या आंब्याच्या मुळावरच बसवावी लागते. बाठ्याचं म्हणाल तर आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या बाठ्यातून एकच रोप येतं, आणि ते परागीकरणातून जन्मलेलं नवंच झाड असतं. आईच्या वळणावर जाईल किंवा जाणारही नाही. कलमाला मात्र अगदी शेप्याच लागेल, तोच वास, त्याच रेषा.

तुम्ही कोय कलम करा, म्हणजे बाठ्यातून नुकत्याच उगवलेल्या कोवळ्या रोपावर काडी बांधायची. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने ही पद्धत कोकणासाठी बसवून दिली आणि आता आमच्या भागात हापूसची कलमं बहुतेक अशीच होतात. त्याआधी भेट कलमं असायची. झाडाला माळे बांधायचे, रोपांची मडकी वर चढवायची, फांदी न तोडता रोपाला जोडायची आणि जोड बसेपर्यंत वर चढून पाणी घालायचं. आता इतकं करावं लागत नाही.

बाठे कुठल्याही रायवळाचे चालतील, शेप्याचेच घेतलेत तरी उत्तम. फळ खाल्लं की धुवून सावलीत ठेवा आणि आठवड्याभरात लावा. आंब्याचा बाठा वाळला की मेला, तो पुढच्या वर्षासाठी साठवता येत नाही. पाण्यात टाकून जे तरंगतील ते फेकून द्या. लाल माती आणि चाळलेलं शेणखत भरलेल्या पिशव्यांत आडवे, फुगीर कड वर येईल असे, जेमतेम झाकतील इतक्या मातीत लावा. पंधरा ते वीस दिवसांत कोंब येतो. तुम्ही पंधरा दिवसांनी जाता, तर निम्मे बाठे आत्ता आणि निम्मे पुढच्या खेपेला लावा, म्हणजे कुठली तरी रोपं बरोबर वयात सापडतील. चाळीसेक बाठे लावा. नवीन हाताला दहाबारा कलमं पुरत नाहीत.

आता काडी. सगळे सुऱ्याचं विचारतात, काडीचं कोणी विचारत नाही. माझ्या पाहण्यात नव्या माणसाची कलमं मरतात ती बहुतेक काडीमुळे. मार्च-एप्रिलात फुटलेली पालवी जुलैपर्यंत तीन-चार महिन्यांची होते, तीच हवी. झाडाच्या बाहेरच्या अंगाची, उन्हातली, पेन्सिलीएवढी, शेंड्यापासून वीतभराच्या आतली. शेंड्याचा डोळा टपोरा हवा पण मिटलेला. डोळा उघडून लाल पालवी डोकावली की ती काडी बाद. मोहर येऊन गेलेला शेंडा बाद. झाडाच्या पोटातून सरळ वर सुटलेले लुसलुशीत फुटवे दिसायला सुरेख असतात, तेही बाद.

निवडलेल्या काड्या लगेच तोडायच्या नाहीत. झाडावरच ठेवून त्यांची पानं कात्रीने कापायची, देठ तेवढे राखायचे. आठ-दहा दिवसांत देठ पिवळे पडतात आणि बोट लावलं की टपकन गळतात. तोवर वरचा डोळा फुगून चकाकायला लागलेला असतो. देठ असा सहज गळला की काडी तयार झाली म्हणून समजा. यासाठी भावाला दोनदा चढावं लागेल. तुम्ही शनिवारी येणार असाल तर आधीच्या आठवड्यातल्या गुरुवारी त्याला पानं कापायला सांगा. पंधरा दिवस आधी कापलीत तर डोळे उघडून जातील. आणि पाऊस लागला असताना चढायचं नाही. जुन्या आंब्याची साल शेवाळाने बुळबुळीत होते. उघडीप बघून, दोर बांधून, खाली माणूस ठेवून.

लांजेकर_डोंबिवली

ताई, खूप आभार. आजच आत्याला फोन करून बाठे धुवून ठेवायला सांगितले. प्रत्यक्ष जोडायचं कसं तेही सांगाल का? आणि काड्या घेऊन डोंबिवलीला येऊन निवांत बांधू का, की गावीच बांधू?

कलमवाली_कुडाळ

गावीच बांधा. काडी ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत दोन दिवस टिकते, पण सकाळी तोडून दुपारच्या आत बांधलेल्या काडीची सर तिला नाही.

रोपाचा कोंब तांबूस आणि पानं तांब्याच्या रंगाची, लोंबती असतात तेव्हा कलम बांधायचं. उगवल्यापासून दोन आठवड्यांच्या आतबाहेर ही वेळ येते. पानं हिरवी व्हायला लागली की खोड आतून कठीण होतं आणि या पद्धतीला उशीर झालेला असतो. तोवर बाठ्यात खाऊ शिल्लक असतो, त्यावरच रोप आणि नवी काडी दोघं जगतात, म्हणून बाठा मोडू द्यायचा नाही.

बाठ्यापासून चार बोटं वर रोपाचा शेंडा आडवा छाटा. उरलेल्या खोडाला, म्हणजे खुंटाला, बरोबर मधोमध उभी चीर द्या, चारेक सेंटीमीटर. काडीच्या खालच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचा तिरपा काप घेऊन पाचर करा. काप एका ओढीत घ्यायचा. पेन्सिलीला टोक काढतो तसं खरवडत बसलात तर पृष्ठभाग खडबडीत होतो, मध्ये हवा राहते आणि जोड काळा पडतो. काप बरोबर आला की तो ओला, सपाट दिसतो आणि कडेला सालीखाली एक बारीक हिरवट रेघ दिसते. सगळं काम त्या रेघेचं आहे. खुंटाची रेघ आणि काडीची रेघ एकमेकींना टेकल्या की जोड धरतो. काडी खुंटापेक्षा जाड असेल तर मधोमध बसवू नका, एका कडेला सरकवून निदान एका बाजूची रेघ जुळवा.

सुरा खास नको. नवं दाढीचं ब्लेड पुरे, फक्त आंब्याचा चीक लगेच चिकटतो, म्हणून दर दोन-तीन कापांनंतर स्पिरिटच्या फडक्याने पुसा. चीक अंगावर उततो, डोळ्यांना हात लावू नका. ब्लेड शेप्यावर चालवण्याआधी कुठल्याही आंब्याच्या पंचवीस-तीस काड्या कापून फेका. हात तिथेच बसतो.

बांधायला पातळ प्लास्टिकची पट्टी घ्या, दोन सेंटीमीटर रुंद, जरा ताणली जाईल अशी. खालून सुरुवात करून वर गुंडाळत न्या, कौलं शाकारतो तशी प्रत्येक वरची वेटोळी खालचीवर चढली पाहिजे, म्हणजे पाणी आत उतरत नाही. घट्ट बांधा. भीतभीत सैल बांधलेलं कलम लागत नाही. मग मुलं पेप्सीकांडी खातात त्या लांबट पिशवीची टोपी काडीवर घालून जोडाच्या खाली दोरा बांधा. आत दमटपणा राहतो आणि काडी वाळत नाही.

पिशव्या पडवीत ठेवा, उजेड असेल पण पागोळ्या पडणार नाहीत अशा ठिकाणी. माती ओलसर ठेवायची, चिखल नको. आत्याला एवढंच सांगा की हात लावून बघायचं नाही. जोड धरलाय का म्हणून रोज काडी हलवून बघणारी माणसं मी पाहिली आहेत, हलवल्याने धरलेला जोडही सुटतो. काडी हिरवी आहे तोवर जिवंत आहे. साधारण तीन आठवड्यांत शेंड्याचा डोळा फुटतो. पालवी टोपीला टेकायला लागली की संध्याकाळच्या वेळी टोपी काढा, भर दुपारी नको.

काही काड्या काळ्या पडतील. त्या पिशव्या बाजूला काढा आणि पुढच्या खेपेच्या रोपांवर पुन्हा बांधा, ऑगस्टपर्यंत मुभा आहे. म्हणून सगळ्या काड्या एकदम तोडू नका.

परसबाग_नागपूर

माझ्याकडे संत्री आहेत, जंबेरीच्या खुंटावर डोळा भरते, त्यामुळे आंब्याचा अनुभव नाही. पण एक विचारते, मग चिकूच्या झाडावर आंबा होतो असं कोणी म्हणालं तर?

कलमवाली_कुडाळ

नाही होत, ताई. खुंट आणि काडी जवळच्या नात्यातली लागतात. चिकूला खिरणी चालते, कारण दोघं एकाच कुळातली आहेत. आंब्याला आंबाच.

लांजेकर_डोंबिवली

माझ्या हिश्शात विहिरीजवळ एक रायवळ रोप खरंच उगवलेलं आहे, कमरेएवढं. केजच्या दादांनी म्हटलं म्हणून आठवलं. त्यावर थेट काडी बसवता येईल का? आणि पिशवीतली कलमं जमिनीत कधी लावायची? फळ कधी धरेल?

केजचा_शेतकरी

येईल की. पावसात त्याला लालसर फूट आली की त्या कोवळ्या फुटीवर वरच्यासारखीच चीर देऊन बांधा. खालची थोडी जुनी पानं राहू द्या. दोन-तीन फुटींवर बांधा, एक तरी लागेल. हे झाड जागेवरच असल्याने सगळ्यात आधी जोर धरेल.

कलमवाली_कुडाळ

दादांचं बरोबर आहे, ते झाड मिळालं हे फार चांगलं झालं. विहिरीच्या कठड्याला अगदी लागून नसलं म्हणजे बरं, आंब्याची मुळं बांधकाम उचलतात.

पिशवीतली कलमं या वर्षी लावू नका. तीन महिन्यांनी पट्टी ब्लेडने उभी चिरून काढा, नाहीतर खोडाला काच पडतो आणि पुढे वाऱ्यात तिथेच मोडतं. उन्हाळाभर सावलीत सांभाळा आणि पुढच्या मिरगाचा पाऊस लागला की लावा. मीटरभर लांबरुंद, खोल खड्डा, दोन झाडांत दहा मीटर अंतर. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे. जोडाच्या खालून फुटवा आला की कोवळा असतानाच खुडायचा, तो रायवळ खुंटाचा असतो आणि ठेवलात तर शेप्याला मागे टाकून तोच झाड होतो. ही एक गोष्ट आत्याला दाखवून ठेवा.

फळ साधारण चौथ्या-पाचव्या वर्षापासून. पहिली तीन वर्षं मोहर आला तरी काढून टाका, झाडाला आधी अंग धरू द्या. आणि सगळी कलमं एकाच जागी लावू नका. दोन तुमच्याकडे, एक भावाच्या नव्या घराच्या कडेला, एखादं गावातल्या कोणाला तरी द्या. वणवा, गुरं, खोडकिडा, काही ना काही असतंच.

काड्या कापायच्या आदल्या दिवशी झाडाच्या बाहेरच्या शेंड्यांचे फोटो इथे टाका. कुठल्या घ्यायच्या ते मी खुणा करून दाखवते.