बालवाडीचा पहिला आठवडा: पालकांनी वर्गात बसावे की दारातून परतावे?

वसंतविहारकर (ठाणे):
जूनमध्ये ज्यांची मुले पहिल्यांदा शाळेत जाणार आहेत, त्या आमच्या परिसरातील पालकांचे दोन तट पडले आहेत. पहिला आठवडा आईला किंवा बाबांना वर्गात बसू द्यावे असे काहींना वाटते, तर शाळा दारातच मूल ताब्यात घेऊन पालकांना परत पाठवतात. मी शाळांच्या बाजूने आहे, पण त्याआधीचा महिना घरी नीट तयारी झालेली असावी, ही माझी अट आहे. तयारी म्हणजे अक्षरे आणि रंगांची इंग्रजी नावे घोकून घेणे नव्हे. पायाभूत स्तराचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडादेखील या वयात खेळातून शिकण्यावरच भर देतो. शू लागल्याचे मावशींना वेळेत सांगणे, चड्डी स्वतः खाली-वर करणे आणि डबा उघडणे, एवढे जमले तरी मूल वर्गात अडून बसत नाही. चारही बाजूंनी खटके असलेले डबे मोठ्यांनाही जोर लावून उघडावे लागतात. त्यापेक्षा साधे झाकण असलेला डबा आणून घरचे चार वाजताचे खाणे त्यातूनच द्यावे. शेजारच्या काकूंकडे मुलाला आधी पंधरा मिनिटे, मग तासभर ठेवावे, जाताना सांगून जावे आणि सांगितल्याप्रमाणे परत यावे. डोळा चुकवून सटकणारे पालक पुढच्या सगळ्या निरोपांची वाट लावतात.

नेरूळची आई:
दादा, या शेजारच्या काकू आम्ही कुठून आणायच्या? आमच्या मजल्यावरची तीन दारे सकाळी आठला कुलूपबंद होतात आणि आजी-आजोबा गावी असतात. तीन वर्षांच्या मुलाला ‘दोन तासांनी येते’ याचा अर्थ कळत नाही, त्याला आई दिसते किंवा दिसत नाही एवढेच कळते. म्हणून ती पहिले काही दिवस कोपऱ्यात बसलेली दिसली, तर ते हळूहळू तिच्यापासून लांब जाऊन खेळू लागते. प्रारंभिक बाल्यावस्थेच्या २०१३ च्या राष्ट्रीय धोरणात तीन ते सहा वयोगटासाठी वीस मुलांमागे एक मोठे माणूस असे प्रमाण दिले आहे. ते पाळले गेले, असे धरले तरी पहिल्याच दिवशी एकदम रडणाऱ्या वीस मुलांना एक ताई कडेवर तरी कशी घेणार? डायपर सुटल्याशिवाय प्रवेश नाही, हा नियमही मला पटत नाही. काही मुले दीड वर्षातच तयार होतात, काहींना तिसरे उलटून जाते, आणि घरी सवय झालेले मूलही नव्या जागी, त्यातून पावसाळ्यात, पुन्हा कपडे ओले करते. शाळेने दोन जादा चड्ड्या मागाव्यात आणि विषय संपवावा.

नौपाड्याची बालवाडी-ताई (निवृत्त):
चड्ड्यांचे तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. वर्गात बसण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ज्याची आई येऊ शकत नाही ते मूल इतरांच्या आया पाहून दुप्पट रडते, आणि बसलेल्या आया गप्प बसत नाहीत. ‘सांग ना ताईंना, सिंह कसा ओरडतो’ हे सुरूच असते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला (तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यातच होता) बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. मूल ओळखीच्या जागीच राहिल्यामुळे तिथे ताटातूट फारशी झालीच नसणार. आपल्या इमारतींत ते जमणार नसेल तर निदान पाच-सहा मुलांचा गट करून पहिले दिवस तासाभराची शाळा ठेवावी आणि पालकांनी फाटकाबाहेर थांबावे. घरी ‘थांब, शाळेत घालते, मग बाई बघतील तुला’ असा बागुलबुवा उभा करायचा आणि मग आमच्याकडून प्रेमाची अपेक्षा ठेवायची, हेही आता बंद व्हावे.

ऐरोलीचा बाबा:
ताई, तासाभराच्या शाळेसाठी रजा कोण काढणार? फाटकाबाहेर आईनेच थांबायचे, हे सगळ्यांनी न सांगता गृहीत धरलेले दिसते. सोडायला बाबा गेला तर निरोप लवकर उरकतो, असा माझा अनुभव आहे. तो सर्वांचा असेलच असे नाही.

वसंतविहारकर:
रजेची अडचण खरी आहे, आणि काकूंच्या बाबतीत मी ठाण्याच्या जुन्या वस्तीचा हिशेब नेरूळला लावला हेही खरे. तरीही वर्गात बसण्यापेक्षा ‘मूल शांत झाले नाही तर फोन करू’ असा शाळेचा शब्द मला पुरेसा वाटतो.

नेरूळची आई:
तो शब्द आम्हालाही मिळाला होता. मोठीच्या वेळी फोन कधीच आला नाही, सुटताना ‘छान राहिली हो’ एवढेच ऐकायला मिळाले, आणि घरी आल्यावर मात्र तिचा आवाज बसलेला असायचा. म्हणून या वेळी प्रवेशाचा अर्ज भरतानाच मूल किती मिनिटे रडल्यावर फोन करणार आणि तोपर्यंत ते कोणाजवळ असेल, हे मी लेखी मागितले आहे. उत्तर अजून आलेले नाही.