मुंबई सेंट्रलला नाना शंकरशेट यांचं नाव: योग्य की अयोग्य?

गिरगावकर (धागाकर्ता):
मुंबई सेंट्रल स्टेशनला एकोणिसाव्या शतकातले मुंबईचे पुढारी नाना (जगन्नाथ) शंकरशेट यांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केला. नाव जरूर द्या, पण तिथे नको. नाना 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला' या रेल्वे कंपनीचे संचालक. त्यांची गाडी १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून (आजचं सीएसएमटी) ठाण्याला गेली. मुंबई सेंट्रल उघडलं १९३०ला, तेही दुसऱ्याच कंपनीचं. शिवाय नानांचं मोठं काम रेल्वे नव्हेच.

लोकलवाला:
बोरीबंदरला शिवाजी महाराजांचं नाव आहे, ते कोणी बदलणार नाही आणि बदलूही नये. मग नानांनी थांबायचं कुठवर? नाव रोज कानावर पडलं की कुणीतरी विचारेल, हे कोण होते.

स्पष्टवक्ता:
मुळात एवढा उदोउदो कशासाठी? पिढीजात सावकार-व्यापारी माणूस. १८६२च्या मुंबई कायदेमंडळात सरकारने नेमला, लोकांनी निवडला नाही. गिरगावाजवळचं सोनापूरचं स्मशान वस्तीबाहेर हलवायलाही त्यांनीच विरोध केला. शहराच्या आरोग्याचं काय?

गिरगावकर:
निवडणार कोण? मतदानच नव्हतं! पण नेमणुकीच्या दहा वर्षं आधी, २६ ऑगस्ट १८५२ला बॉम्बे असोसिएशन ही राजकीय संस्था निघाली, तिचे अध्यक्ष नाना. कंपनी सरकारच्या कारभाराविरुद्ध थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज गेला. अर्जाची भाषा झोंबणारी म्हणून काही धनिक बाहेर पडले, नाना राहिले. व्यापाऱ्याला सरकारची मर्जी गमावणं परवडतं का, सांगा. सोनापूरचं म्हणाल, तर गिरगावातल्या गरिबाने खांद्यावरून प्रेत न्यायचं तरी कुठवर?

स्पष्टवक्ता:
अर्जाचं मान्य. पण सरकारी शिक्षण मंडळात त्याचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीचा आग्रह धरत होते, तेव्हा नाना देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नोकरी इंग्रजीवाल्यालाच मिळायची. तोटा कुणाचा झाला असता? सामान्य मुलाचाच.

बाईंचा वर्ग:
मी शिकवते, म्हणून राहवत नाही. इंग्रजी शिकवू नका असं नाना म्हणत नव्हते, एल्फिन्स्टन कॉलेजच्या उभारणीत ते स्वतः होते. पेरींचा भर वरच्या मोजक्यांना इंग्रजीतून शिकवण्यावर. नानांचं म्हणणं, बहुसंख्यांपर्यंत ज्ञान त्यांच्याच भाषेतून पोचेल. १८४९च्या सुमारास मुलींच्या शाळा निघाल्या, तर त्यांनी स्वतःच्या वाड्यात जागा दिली. माझ्या मुलांना मात्र 'रेल्वेवाले नाना' एवढंच माहीत. पाटी लागली की तेच आणखी पक्कं होईल.

लोकलवाला:
बाई, पाटी तरी लागू दे. वर्गात पेरींचा वाद शिकवायला तुम्हाला कोण अडवतंय?